कालीपूरच्या वाळूत चार रात्री

"डिगलीपूरला जाऊ नका," असं आम्हाला तीन टूरवाल्यांनी सांगितलं. उत्तर अंदमानातलं हे गाव; रस्ता लांब, हॉटेलं साधी, वहाँ फॅमिली के लायक कुछ नहीं है. चौथा लगेच तयार झाला, पण त्याने पाठवलेल्या कागदावर दोन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: रोज रात्री अंडी घालणारं कासव नक्की दाखवू, आणि मुलांचा पिल्लू हातात घेऊन फोटो. मी त्याला फोन केला. समुद्री कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे तिथेच. फोटोसाठी पिल्लू उचलणं कायद्यात बसत नाही, असं सांगितलं. "मॅडम, सगळेच करतात," एवढंच त्याचं उत्तर. आम्ही ते बुकिंग सोडलं. आगाऊ दिलेल्यातले चार हजार गेले. पुढची सगळी जुळवाजुळव मी आणि ह्यांनी रात्री जेवणं झाल्यावर फोन करकरून केली.

त्या जुळवाजुळवीचा आणि त्या चार रात्रींचा हा अभिप्राय. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन कुणाला कासवं पाहायला अंदमानला जायचं असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तपशिलात लिहिते. माझी नोकरी हिशेब तपासण्याची. वेळा आणि आकडे वहीत टिपून ठेवायची सवय आहे, ती इथे कामी आली.

ग्वाल्हेरच्या माणसाला समुद्री कासवाचं वेड कुठून लागलं, असं ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारलं. चंबळेमुळे लागलं. आमच्याकडून मुरैना ४० किलोमीटर, आणि मुरैन्याजवळ देवरीचं घडियाल केंद्र. घडियाल म्हणजे लांब, निमुळत्या तोंडाची मगर. चंबळच्या वाळूतून आणलेली घडियालची अंडी तिथे उबवतात, नदीतल्या कासवांचीही. विणीच्या दिवसांत ज्याच्या नराच्या डोक्यावर लाल पट्टे उठतात ते कासव आता जगात मुख्यतः आमच्या चंबळेतच उरलं आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझ्या लेकीने तिथली पिल्लं पाहिली. तेव्हा ती दुसरीत होती. घरी आल्यापासून तिचा एकच प्रश्न: समुद्रातलं केवढं असतं? तिच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव सोडून दुसरं कासव कधी नीट पाहिलं नव्हतं. सत्तरी उलटली तरी त्या देवळात गेल्या की अजून त्या कासवाला वळसा घालून जातात, मुलांनाही पाय लावू देत नाहीत. शिवाय एलटीसीवर, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रवास-सवलतीवर, विमानाने अंदमानला जाण्याची खास सवलत होतीच. तेव्हा मी, हे, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि आई, म्हणजे सासूबाई, असे पाच जण १० जानेवारीला पोर्ट ब्लेअरला उतरलो. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण टॅक्सीवाल्यापासून पोळीभाजीवाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात.

तिथला एक दिवस सेल्युलर जेलचा. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. आई सावरकरांच्या कोठडीत बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, एवढं मात्र नोंदवते.

आता रस्ता. पोर्ट ब्लेअर ते डिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कागदावर काही वाटत नाही, पण आम्ही पहाटे साडेतीनला निघालो ते संध्याकाळी पावणेपाचला पोचलो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा तयार होतो आणि पहिला ताफा सहाला सुटतो; तिथून पुढे जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. थांबायचं नाही, खायला काही द्यायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही. मुलांचे फोन मी आदल्या रात्रीच पेटीत बंद केले होते. जंगल फार सुंदर आहे, तरी मला तो तास-दीड तास अवघड गेला. ज्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही त्यांच्या दारावरून आपण जातोय, ही भावना काही हटत नव्हती. पुढे मिडल स्ट्रेटला गाडीसकट फेरीबोटीवर चढायचं. मुलं तिथे खूष. बाराटांगनंतर पूर्वी आणखी एक फेरी लागायची, २०१९ला तिथे पूल झाल्यापासून ती वाचते. वळणं मात्र रंगतपर्यंत संपत नाहीत. गोळ्या घेऊन बसा. आईंना आवळासुपारीने बरं वाटलं, मुलीला कशानेच नाही.

कालीपूर हे डिगलीपूर गावापासून अठरा-वीस किलोमीटरवर. एका बाजूला करड्या वाळूचा किनारा आणि पाठीशी सॅडल पीक, ७३२ मीटरचा, अंदमान-निकोबारमधला सगळ्यात उंच डोंगर. या एका किनाऱ्यावर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक. भारताच्या समुद्रात आढळणाऱ्या एकूण पाचांपैकी चार. वन विभागाचे पहारेकरी इथे हंगामभर रात्री गस्त घालतात, अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या राखीव जागेत, पुरतात, पिल्लं निघाली की सोडतात. आम्ही गेलो ते त्यांचं काम पाहायला, त्यांच्याच सोबतीने.

राहायला किनाऱ्याजवळचं एक छोटं लॉज घेतलं होतं. नाव देत नाही, कारण तक्रारीचं एक मोठं कारण आहे. खोल्या स्वच्छ, पलंगांवर मच्छरदाण्या, संडासात पाणी कायम. जेवण मला मनापासून आवडलं. स्वयंपाक करणाऱ्या दादांचे आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेले; डिगलीपूरच्या भागात अशा पुष्कळ कुटुंबांना सरकारने जमिनी देऊन वसवलं होतं. माशाचं कालवण, डाळ, भात, वांग्याचे तळलेले काप. आई मासे खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात रांधलं, न सांगता. एकादशीला आम्ही ग्वाल्हेरहून नेलेला साबूदाणा त्यांच्या हाती दिला, तर त्यांनी आईंना शेजारी पाटावर बसवून खिचडी शिकून घेतली.

तक्रार दिव्याची. समुद्राकडच्या व्हरांड्यात पांढऱ्या ट्यूबलाइटी, तीन, रात्रभर चालू. पहिल्या रात्री थकून झोपलो तेव्हा लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहारेकरी म्हणाले की या उजेडाबद्दल ते लॉजवाल्याला सांगून दमले आहेत. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू जिकडे जास्त उजळ असेल तिकडे धावतं. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यात उजळ काय, तर चांदण्यांच्या उजेडातलं पाणी. तिथे ट्यूबलाइट लावली की पिल्लं उलटी, जमिनीकडे चालायला लागतात. सकाळी झुडपांत कावळ्यांच्या तोंडी पडतात. मोठी मादीसुद्धा झगझगाट दिसला की वाळूत यायला धजत नाही. कासवांच्या नावावर खोल्या भाड्याने देणाऱ्याने हे जाणू नये? आम्ही मॅनेजरशी बोललो तर तो गिऱ्हाइकांच्या सुरक्षिततेचं सांगू लागला. शेवटी आई गेल्या. "बेटा, बाळंतिणीच्या खोलीत कुणी असा उजेड ठेवतं का?" एवढंच बोलल्या, अर्ध्या हिंदीत. त्या संध्याकाळपासून तीनही दिवे बंद, पायऱ्यांपाशी एक तांबडा झिरो बल्ब. आमच्यानंतरही तसंच राहिलं असेल तर हे लॉज मी कुणालाही सुचवीन. बुकिंग करताना हा एक प्रश्न जरूर विचारा: समुद्राकडचे दिवे रात्री मालवता का?

१३ तारखेची रात्र. आम्ही साडेसातला किनाऱ्यावर. अंदमानात जानेवारीत पाच वाजून गेले की सूर्य बुडतो, त्यामुळे साडेसात म्हणजे चांगलीच रात्र. पहारेकऱ्यांनी आधी नियम सांगितले: कपडे गडद, टॉर्च नाही, फोन खिशात बंद, बोलायचं तर कानात, आणि पाण्याच्या कडेने चालायचं नाही. शिवाय या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यामुळे अंधारात पाण्यात पाय बुडवायचाच नाही. ताडपत्री टाकून आम्ही केवड्याच्या झुडपांपाशी बसलो. वाळूतल्या बारीक माशा फार चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घालाच. मुलगी नऊला माझ्या मांडीवर झोपली. मुलगा आणि हे पहारेकऱ्याबरोबर किनाऱ्याचा एक फेरा मारून आले, मग दुसरा. साडेअकरापर्यंत काही आलं नाही. आम्ही परतलो.

सकाळी सहाला गेलो तर वाळूवर ताजा माग. आम्ही गेल्यावर, तीनच्या सुमाराला येऊन गेली होती. मुलाचा चेहरा पडला. पण त्या पहारेकऱ्याने त्याला मागाशेजारी उकिडवं बसवून जे शिकवलं, ते आम्हा पाचांच्याही लक्षात राहिलं. ऑलिव्ह रिडले आणि हॉक्सबिल चालताना एकदा डावा पुढचा पाय, एकदा उजवा असा टाकतात, आपण रांगतो तसं. म्हणून त्यांच्या मागातले ओरखडे आळीपाळीने उमटतात. हिरवं कासव आणि लेदरबॅक दोन्ही पाय एकदम टाकून अंग पुढे ओढतात, म्हणून त्यांचा माग दोन्हीकडे जोडीजोडीने, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. समोरचा माग आळीपाळीचा होता. रिडले. मुलाने वहीत चित्र काढून घेतलं आणि नंतर स्वतःच म्हणाला, "म्हणजे न बघताही कळतं."

त्या टूरवाल्याच्या 'नक्की'ची मला तेव्हा पुन्हा आठवण झाली. रात्रीच्या किनाऱ्यावर नक्की काही नसतं. जो नक्की म्हणतो तो एक तर खोटं बोलतो, नाहीतर अंडी घालायला आलेल्या मादीला अडवून, उजेडात धरून दाखवतो. इथल्या पहारेकऱ्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "आयेगी तो दिखायेंगे, नहीं तो तारे देखिए." मला हा माणूस विश्वासाचा वाटला.

१४ जानेवारी. यंदा संक्रांत आणि षट्तिला एकादशी एकाच दिवशी होती. आईंनी ग्वाल्हेरहून तिळाच्या वड्या आणल्या होत्या, वर मुरैन्याच्या गजकचे दोन डबे. संध्याकाळी त्या पहारेकऱ्यांच्या झोपडीत गेल्या आणि प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवून चक्क मराठीत, "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्यातला एक जण रांचीवाला. अंदमानात रांचीवाले म्हणजे छोटानागपूरहून जंगलाच्या कामाला आणलेल्या आदिवासींची मुलंनातवंडं. त्याने गजक तोंडात टाकली आणि म्हणाला, हमारे यहाँ तिलकुट होता है. मग दोघं बराच वेळ तिळाच्या पदार्थांवर बोलत बसले.

त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता. नऊ चाळीसला रांचीवाल्या भैयांनी हात वर केला. पाण्याच्या कडेला एक काळा गोळा होता, मला वाटलं खडक. खडक हलला. थोडा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. तिचा श्वास ऐकू येत होता, लांब उसासा टाकल्यासारखा. आम्ही जिथे होतो तिथेच श्वास रोखून बसून राहिलो. ती आमच्यापासून वीसेक पावलांवर वर चढली, अंगाने वाळू बाजूला सारून जागा केली. नऊ पन्नासला खोदायला लागली.

भैया पोटावर सरपटत तिच्या मागे जाऊन पाहून आले आणि हाताने खूण केली: अजून नाही. खोदताना ती बुजली तर अंडी न घालता परत जाते. अंडी पडायला लागली की मात्र तिला भोवतालचं भान फारसं राहत नाही, आणि तेव्हाच, मागच्या बाजूने, ओळीने जवळ जायचं. दहा वाजून सात मिनिटांनी बोलावणं आलं. आईंचा हात धरून मी त्यांना नेलं, त्या वाळूत गुडघ्यांवर बसल्या. इतकी वर्षं त्यांना खाली बसता येत नाही, पण तेव्हा बसल्या.

तांबड्या कागदाने झाकलेली एक बॅटरी, तीही फक्त खड्ड्यात धरलेली. मागच्या दोन पायांनी खणलेला तो खड्डा पाहून मी थक्क झाले. तोंडाशी अरुंद, आत फुगीर, थेट मातीच्या घागरीच्या आकाराचा, हातभर खोल. ज्या पायांना बोटं नाहीत, जे वल्ह्यासारखे आहेत, त्यांनी तिने ओंजळ ओंजळ वाळू काढून तो घडवला होता, मागे न पाहता. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, ओलसर, दोन-दोन तीन-तीन एकदम पडत होती. कवच चामड्यासारखं मऊ असल्यामुळे एकमेकांवर पडून फुटत नाहीत.

"रडतेय का गं ती?" आईंनी माझ्या कानात विचारलं. डोळ्यांतून घट्ट पाण्याची धार वाळूवर येत होती. मला वाचून ठाऊक होतं: समुद्राचं पाणी पिणाऱ्या कासवाच्या शरीरातलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर पडतं, पाण्यात ते दिसत नाही, वाळूवर दिसतं. मी तसं सांगितलं. आई म्हणाल्या, "असेल. कळाही असतीलच की."

दहा सत्तावीसला अंडी थांबली. मग तिने मागच्या पायांनी वाळू लोटली आणि सगळं अंग उचलून डावीकडून उजवीकडे आपटायला लागली. धप्, धप्. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात दिवाळीआधी अंगणाची माती चोपण्याने चोपत असत. आईंना तेच आठवलं, मलाही. रिडले जातच असं करते, घरटं पोटाखाली दाबून घट्ट करते. मग वाळू उडवून जागेची खूण मोडली आणि वळली. दहा बेचाळीसला लाटेत शिरली. एकदाही मागे पाहिलं नाही. ती पुन्हा या घरट्यापाशी येणार नाही; पिल्लांचं काय झालं ते तिला कधी कळणार नाही. मुलीला हे पटेना. ती आजीला विचारत राहिली आणि आजीपाशीही उत्तर नव्हतं. दोघी अंधारात पाण्याकडे बघत उभ्या होत्या.

पुढचं काम लगेच सुरू झालं. कुत्री, घोरपडी, रानडुकरं उघड्यावरचं घरटं सोडत नाहीत, म्हणून अंडी काही तासांच्या आत हॅचरीत हलवतात. जसजसा वेळ जातो तसा आत गर्भ कवचाला चिकटतो आणि मग अंडं फिरलं, उलटं झालं तर मरतं. त्यामुळे एकेक अंडं ज्या बाजूने पडलंय त्याच बाजूने उचलून बादलीतल्या वाळूवर ठेवत होते. मोजणी मुलाकडे दिली. ११२. हॅचरीत त्याच मापाचा खड्डा करून ती पुरली आणि वर जाळीचं कडं. पाटीवर तारीख आणि आकडा मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला: १४-१-२६, ११२.

हॅचरीवर झावळ्यांचं अर्धं छप्पर होतं. अर्धंच का, असं मी विचारायच्या आत लेक म्हणाली, "गरम झालं तर सगळ्या मुलीच होतील." नर की मादी हे उष्णतेवर ठरतं, असं देवरीला घडियालबद्दल तिने ऐकलं होतं. कासवांतही ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या वर माद्या वाढतात, खाली नर. रांचीवाल्या भैयांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, ये कहाँ पढ़ती है? चंबळला पढती है, असं ह्यांनी सांगितलं.

१५ची रात्र मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी उतरलेला आठ-दहा जणांचा जथा, पहारेकऱ्यांना न विचारता, फोनच्या टॉर्च लावून किनाऱ्यावर आला. पाण्यातून एक मादी वर येत होती, आम्हाला दिसली होती, कालच्यापेक्षा मोठी. उजेड तिच्यावर पडला आणि कुणीतरी ओरडलं. ती अर्ध्या वाळूत थांबली, वळली, गेली. सकाळी तिचा माग पाहिला: वर येणारा आणि तसाच मोठं वळण घेऊन परत जाणारा. जोडीजोडीचा माग होता. म्हणजे हिरवं कासव. माझ्या मुलाने माग ओळखला आणि खूप वेळ कुणाशी बोलला नाही. अशी मादी दुसऱ्या रात्री, दुसरीकडे प्रयत्न करते म्हणतात. कुठे केला असेल कोण जाणे. मी त्या लोकांशी भांडले. त्यांनी माफी मागितली, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांना कुणीतरी 'नक्की दाखवतो' सांगून आणलं होतं.

लेदरबॅक आम्हाला दिसलं नाही. सगळ्यात मोठं समुद्री कासव ते, पाठीवर टणक कवचाऐवजी चामडं. कालीपूरला क्वचित येतं. त्याचे मोठे किनारे दक्षिणेला, लिटल अंदमानला आणि ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया खाडीत. लिटल अंदमानला उपग्रहाचे टॅग लावलेल्या माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे गेल्या, काही पार आफ्रिकेच्या बाजूला. २००४च्या त्सुनामीत गॅलाथियाचा किनारा वाहून गेला होता, वाळू परत भरली, कासवं परत आली. आता तिथे मोठं बंदर व्हायचं घाटतंय. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि ते इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

दिवसा काय करायचं, असं विचाराल. एरियल बेच्या जेट्टीवरून परवाना काढून होडीने रॉस आणि स्मिथ बेटांवर जा. दोन बेटं वाळूच्या पट्टीने जोडलेली आहेत, भरतीला पट्टी पाण्याखाली जाते. पोहण्याजोगं पाणी तिथे आहे, पण मगरींचं विचारूनच उतरा. सॅडल पीकची चढण आम्ही केली नाही.

परतताना रंगतला एक रात्र थांबलो, फार बरं केलं. जवळच्या धनीनालाला खारफुटीतून लाकडी पायवाट आहे, पाऊण किलोमीटरच्या आसपास, आई काठी टेकत सहज चालल्या. टोकाला किनारा आणि तिथेही वन विभागाची हॅचरी. नोव्हेंबरात पुरलेल्या एका घरट्यातून त्याच दुपारी पिल्लं वर आली होती. दिवस मावळताना सोडली. वाळूत काठीने रेघ मारली, सगळ्यांना रेघेच्या मागे उभं केलं, फोन एका टोपलीत जमा. पिल्लं पाण्यापासून दूर ठेवली, कारण ती वाळू त्यांनी स्वतः चालून जायची असते. तेहतीस पिल्लं, प्रत्येक खोबऱ्याच्या वाटीपेक्षा लहान. एक माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात पालथं पडलं. लेकीने मुठी घट्ट आवळल्या, पण रेघ ओलांडली नाही. ते आपणच सुलटं झालं. हजारांत एखादंच मोठं होऊन परत येतं असं म्हणतात. रिडलेच्या माद्या आपण जन्मलो त्याच भागातल्या किनाऱ्यांवर परततात, आणि वाट शोधायला पृथ्वीचं चुंबकत्व त्यांच्या कामी येतं.

हिशेब. विमान सोडून, पोर्ट ब्लेअर ते पोर्ट ब्लेअर, सहा रात्री, पाच माणसं: गाडी, राहणं, जेवण, होड्या, परवाने मिळून ६८ हजार. सगळ्यात मोठा खर्च गाडीचा. डिगलीपूरच्या पुढे नेटवर्क जेमतेम, रोख जवळ ठेवा. रात्री तीन-चार तास वाळूत बसायची तयारी नसेल, किंवा मूल पाचाच्या आतलं असेल, तर एवढ्या लांब जाऊ नका.

त्यांच्यासाठी कोकणातलं वेळास आहे, नाना फडणवीसांचं गाव. माझी पुण्याची नणंद दरवर्षी जाते. घरगुती राहणं, हातची भाकरी, आणि मार्च-एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला मिळतात. अंडी घालणारी मादी मात्र तिला इतक्या वर्षांत एकदाही दिसलेली नाही. मादी आणि पिल्लं दोन्ही हवी असतील तर अंदमान, आणि तेही शक्यतो फेब्रुवारीच्या सुरुवातीला, काळोख्या पक्षात. जागा आणि पहारेकरी यांना माझ्याकडून पाचात पाच. लॉजला चार, दिव्यांमुळे एक कापला.

रिडलेची अंडी फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मुलाने १४ जानेवारीपासून रोज एक आकडा लिहायला घेतलाय, लाल पेनाने. आज २० फेब्रुवारी, सदतिसावा दिवस. आई सकाळी चहा घ्यायला येतात तेव्हा चष्मा लावून आधी तिथे जातात आणि आकडा मोठ्याने वाचतात.